बिनवाळूचें सच्छिद्र काँक्रीट : अंगणाच्या फरसबंदीस त्याची शक्ति किती पुरते ?

पावसाळ्याचे चार महिने शेतकऱ्याच्या अंगणाची जी दशा होते तिचें वर्णन आमच्या वाचकांस करावयास नको. घरापासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून विहिरीपर्यंतची वाट चिखलांत बुडते, डोक्यावर पोतें घेऊन चालणारा गडी घसरतो, आणि दारांतली ओल घरांत येते. साधें काँक्रीट घातलें म्हणजे चिखल जातो खरा. परंतु छपराच्या पागोळ्यांचें आणि अंगणाचें सारें पाणी मग एकदम वाहूं लागतें व तें शेजाऱ्याच्या दारांत किंवा आपल्याच भिंतीच्या पायांत शिरतें. यावर हल्लीं एक उपाय पुष्कळ ठिकाणीं सुचविला जातो, तो असा कीं काँक्रीटांत वाळू मुळींच घालूं नये, म्हणजे पाणी त्यांतूनच खालीं मुरेल. नदीची वाळू दुर्मिळ आणि महाग झालेली असल्यामुळें हा सल्ला कानांस अधिकच गोड लागतो.

या सल्ल्यांत तथ्य आहे. तथापि ज्यानें तो ऐकून फरसबंदी केली आणि दोन वर्षांत तिचे दाणे सुटून खडी हातांत आली, त्याचे सिमेंटाचे पैसे कोणी परत देत नाहीं. म्हणून हें काँक्रीट किती भार सोसतें, कशानें अधिक सोसतें, आणि कोठें तें मुळींच घालूं नये, याचा विचार या लेखांत आम्ही क्रमानें करणार आहों.

रचना व पूर्वेतिहास

साध्या काँक्रीटांत खडीच्या पोकळ्या वाळू भरून काढते आणि वाळूच्या पोकळ्या सिमेंटाची राड भरून काढते. त्यामुळें सारा गोळा भरीव होतो. वाळू वगळली म्हणजे सिमेंटाची राड खडीच्या प्रत्येक दाण्याभोवतीं पातळ सालीसारखी बसते आणि जेथें दोन दाणे एकमेकांस टेंकतात तेवढ्याच जागीं ते चिकटतात. मधल्या पोकळ्या मोकळ्या राहतात. चांगल्या जमलेल्या फरसबंदींत अशी पोकळी शेंकडा १५ ते २५ असते. कांहीं कामांत ती ३५ पर्यंतही ठेवतात. या पोकळ्या एकमेकींस जोडलेल्या असल्यामुळें पाणी वरून खालपर्यंत सरळ जातें.

ही कल्पना आजची नव्हे. इंग्लंडांत १८५२ सालीं दोन घरें या काँक्रीटाचीं बांधल्याची नोंद आहे. पुढें सुमारें ७० वर्षें तिचा विसर पडला. नंतर हॉलंडमधून ती पुन्हा ब्रिटनांत आली आणि १९२३ सालीं एडिंबरो येथें ५० दुमजली घरें या पद्धतीनें उभीं राहिलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर विटा आणि गवंडी या दोहोंचा तुटवडा पडला, तेव्हां त्या देशांत अशा भिंतींचीं घरें फार मोठ्या संख्येनें बांधण्यांत आलीं. पोकळ्या मोठ्या असल्यामुळें जमिनींतली ओल भिंतींतून वर चढत नाहीं, हा त्यांचा एक विशेष गुण होता. फरसबंदीसाठीं या काँक्रीटाचा उपयोग मुख्यतः अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत १९७० नंतर वाढला. तेथें जमीन बहुतेक रेताड, पाऊस जोराचा आणि थंडीनें पाणी गोठण्याची भीति थोडी. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनें जागेवर ओतावयाच्या बिनवाळूच्या काँक्रीटासंबंधीं आय. एस. १२७२७ हें मानक १९८९ सालीं प्रसिद्ध केलें आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. भिंतीवर भार सरळ वरून येतो व तो केवळ दाबाचा असतो. फरशीवर चाक फिरतें, टाच आपटते, खूर घासतो. म्हणून भिंतीस पुरेसें झालेलें मिश्रण फरशीसही पुरेल, असें समजणें योग्य नाहीं.

शक्तीचे आंकडे

दाब सोसण्याची शक्ति मोजण्यासाठीं काँक्रीटाचे ठोकळे करून ते २८ दिवसांनीं यंत्रांत चिरडतात. घरगुती कामांतलें नेहमींचें चांगलें काँक्रीट अशा वेळीं चौरस सेंटिमीटरास सुमारें २०० किलो भार सोसतें. बिनवाळूच्या काँक्रीटाचे आंकडे सिमेंट व खडी यांच्या प्रमाणाप्रमाणें कसे उतरत जातात तें पुढील कोष्टकावरून दिसेल. यांतील खडी १० ते २० मि.मी. आकाराची असून प्रमाण आकारमानाचें आहे. पाणी सिमेंटाच्या वजनाच्या मानानें दिलें आहे.

१ : ६ — पाणी ०.३८, दर घनमीटरास वजन सुमारें २०२० किलो, शक्ति सुमारें १४० किलो.
१ : ७ — पाणी ०.४०, वजन १९७० किलो, शक्ति १२० किलो.
१ : ८ — पाणी ०.४१, वजन १९४० किलो, शक्ति १०० किलो.
१ : १० — पाणी ०.४५, वजन १८७० किलो, शक्ति ७० किलो.

फरसबंदीसाठीं याहून अधिक सिमेंट घालतात, म्हणजे वजनानें सिमेंटाच्या चौपट ते साडेचौपट खडी घेतात. तरीसुद्धां प्रत्यक्ष कामांत शक्ति २८ पासून २८० किलोपर्यंत कोठेंही पडूं शकते. एकाच नांवाच्या वस्तूंत दसपट अंतर पडावें, ही गोष्ट शेतकऱ्यानें नीट समजून घ्यावी. ‘हें काँक्रीट मजबूत असतें काय ?’ या प्रश्नास सरसकट उत्तर देतां येत नाहीं, याचें कारण हेंच. सिमेंट तेंच, खडी तीच, पण पाणी आणि कुटाई यांत चूक झाली तर हातांत भलतीच वस्तु येते.

शक्ति कमी असण्याचें मूळ कारण पोकळी हें आहे. साध्या काँक्रीटांत चुकून शेंकडा ५ पोकळी राहिली तर त्याची शक्ति जवळजवळ शेंकडा ३० नें घटते. येथें तर आपण जाणूनबुजून १५ ते २५ पोकळी ठेवतों. भार जातो तो दाण्यादाण्यांमधल्या सिमेंटाच्या चिमुकल्या सांध्यांतून. ते सांधे जितके अधिक आणि जितके रुंद तितकी शक्ति अधिक.

फरशी वांकते तेव्हां

फरशी दाबानें चिरडून फुटण्याचे प्रसंग थोडे. ती फुटते ती वांकून. चाक वर आलें म्हणजे खालची जमीन किंचित् दबते, फरशी तितकीच वांकते आणि तिच्या खालच्या अंगास ताण पडतो. हा ताण सोसण्याची शक्ति बिनवाळूच्या काँक्रीटांत चौरस सेंटिमीटरास १० ते ३८ किलो एवढीच असते. लोखंडी सळया घालून ती वाढवावी असें कोणी म्हणेल, पण तें येथें चालत नाहीं. पोकळ्यांतून हवा आणि पाणी सळईपर्यंत सहज पोंचतें व ती गंजून फुगते.

म्हणून उपाय जाडीचा. फरशींतला ताण सुमारें तिच्या जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. १० सें.मी. ऐवजीं १५ सें.मी. जाडी घेतली तर माल दीडपट लागतो, पण त्याच भाराखालचा ताण सव्वादोन पटींनीं कमी होतो. पायवाटेस १० सें.मी. पुरे. मोटार किंवा हलकी गाडी उभी राहावयाची असेल तेथें १५ सें.मी. पेक्षां कमी करूं नये.

शक्ति कशानें वाढते

पहिली गोष्ट खडी. आपल्या दख्खनच्या पठारावर काळ्या पाषाणाची खडी मुबलक आहे व ती कठीणपणांत कोणत्याही खडीस हार जाणार नाहीं. दोष असतो तो तिच्यावरच्या भुकटींत. खडीवर भुकटी राहिली तर सिमेंट दगडास न चिकटतां भुकटीस चिकटतें आणि दाणा पहिल्याच पावसाळ्यांत सुटतो. म्हणून खडी चाळावी, धुवावी आणि निथळूं द्यावी. चपट्या खापऱ्यांसारखी खडी टाळावी. सर्व दाणे जवळजवळ एका मापाचे, म्हणजे १० मि.मी. च्या सुमाराचे असावेत. दाणा लहान असला तर सांधे अधिक होतात व शक्ति वाढते. मात्र फार लहान घेतल्यास पोकळ्या बारीक होऊन मातीनें लवकर बुजतात.

दुसरी गोष्ट पाणी, आणि सगळ्यांत अधिक कामें येथेंच बिघडतात. पाणी कमी पडलें तर राड दाण्यांस धरत नाहीं. अधिक झालें तर राड ओघळून तळाशीं जाते. वरचे दाणे उघडे पडतात आणि तळाशीं घट्ट थर बसून पाण्याची वाटच बंद होते. म्हणजे शक्तीही गेली व निचराही गेला. वजनानें सिमेंटाच्या ०.२७ ते ०.३४ एवढ्या मर्यादेंत पाणी राखावें. गवंड्यास हें मिश्रण फार कोरडें वाटतें आणि तो सवयीनें आणखी एक तांब्या ओततो. त्यास तेथेंच थांबवावें. परीक्षा सोपी आहे. मूठभर मिश्रण घेऊन लाडवासारखें वळावें. लाडू टिकला, दाण्यांवर ओली चकाकी दिसली आणि तळहातास राड ओघळून लागली नाहीं, तर पाणी बरोबर आहे. लाडू फुटला तर पाणी कमी. हात माखला तर अधिक.

तिसरी गोष्ट कुटाई. साध्या काँक्रीटास हलविण्याचें जें यंत्र लावतात तें येथें लावूं नये, कारण त्यानें राड खालीं उतरते. मिश्रण सांच्याच्या कडेपेक्षां दीड ते दोन सें.मी. उंच पसरावें व वजनदार लोखंडी नळाचा रूळ फिरवून तें कडेबरोबर दाबावें. थापीनें घासून पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा. त्यानें तोंडें बुजतात. पाणी घातल्यापासून तासाच्या आंत सर्व माल जागेवर पडला पाहिजे.

चौथी गोष्ट ओलावा राखणें. भरीव काँक्रीट फक्त वरून वाळतें, हें सर्व अंगानें वाळतें. चैत्र-वैशाखांतल्या कोरड्या वाऱ्यांत तर सांधे जमण्यापूर्वींच सुकतात आणि त्यांची पूड होते. यासाठीं रूळ फिरतांच, वीस मिनिटांच्या आंत, प्लास्टिकच्या कागदानें फरशी झांकावी, कडा मातीनें वा दगडानें दाबाव्या आणि निदान ७ दिवस तो कागद उचलूं नये. हें काम दिवाळीनंतर थंडीच्या दिवसांत, सकाळच्या प्रहरीं काढणें उत्तम.

पांचवी एक युक्ति आहे. अमेरिकेंतील आयोवा राज्य विद्यापीठांत झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं खडीच्या वजनाच्या शेंकडा ५ ते ७ इतकी थोडीशी वाळू घातली तर सांधे रुंद होऊन शक्ति चांगलीच वाढते आणि निचरा तरीही पुरेसा राहतो. ‘बिनवाळूचें’ या नांवाचा फार अभिमान धरण्याचें कारण नाहीं.

एका पोत्याचा हिशेब

५० किलो सिमेंटाच्या एका पोत्यास २२५ किलो खडी आणि १६ लिटर पाणी घ्यावें. खडी आंतून भिजलेली पण वरून निथळलेली आहे असें यांत धरलें आहे. काळ्या पाषाणाच्या खडीचें असें मिश्रण शेंकडा २० पोकळी राखून दाबलें तर सुमारें १४० लिटर जागा भरतें. म्हणजे १० सें.मी. जाडीची सुमारें १.४ चौरस मीटर पायवाट एका पोत्यांत होते. एक मीटर रुंद व १४ मीटर लांब वाटेस १० पोतीं लागतील. घनमीटरास सिमेंट सुमारें सात पोतीं पडतें, जें साध्या काँक्रीटाच्या तुलनेनें फारसें कमी नाहीं. वाळू वांचली म्हणून काम स्वस्त होईल, ही आशा त्यामुळें कोणी धरूं नये. येथें पैसे मोजावयाचे ते निचऱ्यासाठीं.

ठोकळे चिरडून पाहण्याची सोय खेड्यांत नसते, आणि या काँक्रीटाच्या बाबतींत त्या परीक्षेवर फारसें विसंबतांही येत नाहीं. कारण सांच्यांतली कुटाई आणि जमिनीवरची कुटाई सारखी नसते. जाणते लोकही ताज्या मालाच्या वजनावरून पारख करतात. बरोबर १० लिटर मापाचें भांडें घ्यावें, त्यांत मिश्रण दोन थरांत भरून जमिनीवर ज्या मानानें दाबणार त्याच मानानें दाबावें, आणि तोलावें. वरील प्रमाणांत आंतल्या मालाचें वजन २१ किलोच्या आसपास भरलें तर पोकळी शेंकडा २० आहे. २२ किलोंच्या वर गेलें तर शक्ति चांगली, पण निचरा घटला. २० किलोंच्या खालीं उतरलें तर पोकळी २४ च्या वर गेली. असा माल फरशीस वापरूं नये.

खालची जमीन

फरशीची शक्ति तिच्या पोटाखालीं काय आहे यावरही ठरते. मुरमाड किंवा रेताड जमीन असेल तर वरचा भुसभुशीत थर काढून १५ सें.मी. स्वच्छ मोठी खडी पसरावी व त्यावर फरशी घालावी. पाणी खडींत उतरून सावकाश मुरतें.

काळ्या जमिनीची गोष्ट निराळी. ती ओली झाली म्हणजे फुगते, वाळली म्हणजे भेगाळते, आणि भिजलेल्या स्थितींत पाणी जवळजवळ मुरूंच देत नाहीं. अशा जमिनीवर सच्छिद्र फरशी सरळ टाकणें म्हणजे आपल्या हातानें पायाखालीं चिखल भरणें होय. तेथें काळी माती शक्य तितकी खोल काढावी, मुरूम दाबून भरावा, वर खडीचा थर द्यावा आणि त्या थराच्या तळाशीं छिद्रें पाडलेली नळी घालून तिचें तोंड शेताच्या चरांत काढावें. १० सें.मी. फरशींत २ सें.मी. आणि १५ सें.मी. खडींत सुमारें ६ सें.मी., असा एकंदर ८ सें.मी. पाऊस अशा रचनेंत सामावतो. मग तो नळीवाटे हळूहळू बाहेर जातो. छपराचें पाणीही त्यावरच सोडावयाचें असेल, तर तेवढ्या क्षेत्राचा पाऊस हिशेबांत धरून खडीचा थर वाढविला पाहिजे. घराच्या भिंतीपासून अशी मुरवणारी फरशी निदान ३ मीटर दूर ठेवावी.

कोठें घालूं नये

गोठ्यांत हें काँक्रीट मुळींच घालूं नये. शेणानें पोकळ्या आठवड्यांत बुजतात, त्यांत किडे होतात, आणि मूत्र खालीं झिरपून जवळच्या विहिरीच्या पाण्यांत नायट्रेट वाढतें. तान्ह्या मुलांस असें पाणी अत्यंत घातक असतें. गोठ्याची जमीन भरीव, उताराची आणि नाली असलेली असावी. विहिरीच्या किंवा विंधणविहिरीच्या कांठाभोवतींही भरीव काँक्रीटच असावें व त्याचा उतार बाहेर असावा. सांडलेलें, धुण्याचें, भांड्यांचें पाणी तेथेंच मुरूं दिलें तर तें पुन्हा आपल्याच घागरींत येतें. औषधें फवारण्याचे पंप जेथें भरतात व धुतात ती जागा, डिझेलची टांकी आणि खताचा उकिरडा यांनाही हाच नियम लागू आहे.

जड वाहनांच्या वाटेवर, म्हणजे जेथून उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या जातात किंवा ट्रॅक्टर जागच्या जागीं वळतो तेथें, ही फरशी टिकणार नाहीं. बैलगाडीची लोखंडी धाव आणि नाल ठोकलेले खूर हेही दाणे उपटतात. खळ्यासाठीं तर ती सर्वथा निरुपयोगी आहे. धान्य पोकळ्यांत जाईल.

उलट घरापुढचें अंगण, माणसांच्या पायवाटा, झाडाभोवतींचा पार, शाळेचें किंवा देवळाचें आवार, भाजीपाला निवडण्याच्या छपरीपुढची जागा, दुचाकी उभ्या करण्याचा ओटा, येथें ती फार उपयोगी पडते. झाडाच्या मुळांस पाणी व हवा दोन्ही मिळतात आणि पाय कोरडे राहतात.

निगा

या फरशीचा खरा शत्रु भारापेक्षां माती हा आहे. बुजलेली सच्छिद्र फरशी म्हणजे पाणी न मुरविणारें दुबळें काँक्रीट. तिच्यांत दोन्हीं जातींचे दोष येतात. म्हणून शेताकडून वाहून येणारें गढूळ पाणी तिच्यावर येऊं देऊं नये. वरच्या अंगास लहानसा बांध किंवा चर काढावा. वाळू, माती, खत यांचे ढीग तिच्यावर घालूं नयेत. पाला कुजण्यापूर्वीं झाडावा. मृगाच्या आधीं एकदां आणि दिवाळीनंतर एकदां खराट्यानें झाडून पंपाच्या जोरदार धारेनें धुवावी. बादलीभर पाणी ओतून तें किती वेळांत नाहींसें होतें हें दरवर्षीं त्याच जागीं पाहून टिपून ठेवलें, तर फरशी बुजत चालली कीं कसें हें वेळेवर कळतें.

सभासदांस सूचना

ज्यांस हें काम करावयाचें असेल त्यांनीं सबंध अंगण एकदम हातीं घेऊं नये. प्रथम दोन पोत्यांची, सुमारें तीन चौरस मीटरची एक पट्टी पायवाटेच्या जागीं करावी. गवंड्यासमोर लाडवाची आणि तोलाची परीक्षा करावी. मक्तेदारास काम देणें असेल तर पाण्याचें प्रमाण, १० लिटर मालाचें वजन आणि ७ दिवसांचें झांकण या तीन गोष्टी करारांत लिहून घ्याव्या. केवळ ‘मजबूत करून देतों’ या शब्दावर पैसे मोजूं नयेत. पट्टीवरून एक पावसाळा जाऊं द्यावा. आश्विनांत तिच्यावर टांच घासून पाहावी. दाणा सुटला नाहीं आणि पाणी पूर्वीप्रमाणें मुरत असलें, तर उरलेलें अंगण निःशंकपणें करावें. गांवांत चार-पांच जणांस काम करावयाचें असल्यास लोखंडी रूळ, सांचे व तोलकांटा सामाइकांत आणावे. खर्च वांटला जाईल आणि एकाच्या पट्टीवरून दुसऱ्यास शिकतां येईल.

बिनवाळूच्या काँक्रीटाची शक्ति साध्या काँक्रीटापेक्षां कमी आहे व कमीच राहणार. पण माणसाच्या पायास, मुलांच्या खेळास आणि पावसाच्या पाण्यास जागा देण्यास ती पुरेशी आहे. पाणी मोजून घातलें, माल नीट दाबला, आणि जागा विचारानें निवडली, तर अंगण कोरडें राहून दाराशीं पडलेला पाऊस आपल्याच जमिनींत राहतो. ज्या मुलुखांत ज्येष्ठांत चिखल आणि चैत्रांत कोरड्या विहिरी या दोन्ही तक्रारी एकाच घरांतून ऐकूं येतात, तेथें एवढाही लाभ थोडा म्हणतां येणार नाहीं.